काचेआडचे धुणे : फिरणारे यंत्र आणि पाहणारे मूल

लहान मुलाच्या डोळ्यांसमोर घरातली जी कामे आरंभापासून शेवटापर्यंत पार पडतात, त्यांत धुण्याचे स्थान वेगळे आहे. स्वयंपाकात विस्तव असतो म्हणून मुलाला लांब ठेवले जाते, शेतातले काम महिनोन्‌महिने चालते म्हणून त्याचा शेवट मुलाच्या ध्यानात येत नाही. धुणे मात्र सकाळी भिजत पडते आणि दुपारी दोरीवर वाळत असते, शिवाय ते बहुधा उघड्यावर होत असल्याने जवळ बसून पाहण्यास कोणाची आडकाठी नसते. विसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिका आणि युरोपातल्या शहरांत हे पाहणे एका ठरावीक जागी होऊ लागले. नाणे टाकून कपडे धुण्याची यंत्रे जेथे रांगेने मांडलेली असतात आणि गिऱ्हाईक स्वतःचे कपडे स्वतःच यंत्रात घालून धुऊन नेते, अशा दुकानाला लाँड्रोमॅट म्हणतात. यंत्राच्या गोल काचेसमोर बसून आत उलटेपालटे होणारे कपडे पाहत राहणे ही तिथल्या कित्येक पिढ्यांची बालपणीची आठवण आहे.

धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील तामलवाडी हे सोलापूर–तुळजापूर महामार्गावरचे गाव. येथे लाँड्रोमॅट नाही, आणि तो का नाही याची कारणे पाण्यात, विजेत आणि गावगाड्याच्या रचनेत सापडतात. तरीही धुण्याकडे पाहणारे मूल येथेही होते व आहे. या प्रकरणात यंत्राची काच आणि विहिरीकाठचा दगड या दोन जागा शेजारी ठेवून, त्यांच्यासमोर बसलेल्या मुलाला नेमके काय दिसते, त्यातले काय त्याच्या स्मरणात राहते आणि पाहत बसण्याची ही सवड कोणाच्या वाट्याला येते, याचा विचार केला आहे.

नाणे टाकून धुणे

कपडे धुण्याच्या यंत्राचा इतिहास विजेपेक्षा जुना आहे. जर्मनीत याकोब ख्रिस्तियान शेफर यांनी १७६७ मध्ये धुण्याच्या यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले, तर इंग्लंडमध्ये हेन्री सिजियर यांनी १७८२ मध्ये फिरत्या पिंपाच्या यंत्राचे पेटंट घेतले. ही यंत्रे हाताने फिरवावी लागत, त्यामुळे दगडावरचे श्रम दांड्यावर आले एवढाच फरक पडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस विजेची मोटार जोडलेली यंत्रे बाजारात आली, परंतु त्यांची किंमत सामान्य कुटुंबाला परवडणारी नव्हती, आणि १९२९ नंतरच्या महामंदीत तर ती आणखीच आवाक्याबाहेर गेली. नेमक्या याच काळात, १९३४ च्या एप्रिल महिन्यात, अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या फोर्ट वर्थ शहरात जे. एफ. कँट्रेल यांनी विजेवर चालणारी चार यंत्रे मांडून ती तासाच्या भाड्याने वापरायला देण्याचे दुकान काढले. ज्यांना यंत्र विकत घेणे शक्य नाही त्यांना यंत्राचा वेळ विकणे, ही या धंद्याची मूळ कल्पना होती.

काचेची खिडकी मात्र वेगळ्या वाटेने आली. बेंडिक्स या अमेरिकी कंपनीने १९३७ मध्ये समोरून कपडे घालण्याचे जे स्वयंचलित यंत्र आणले, त्याच्या दारात गोल काच होती. पाणी भरणे, घुसळणे, पाणी सोडणे, खळबळणे आणि पिळणे ही सारी कामे हे यंत्र मनुष्याने हात न लावता ओळीने करत असे, आणि ते खरोखरच आत घडते आहे याची खात्री पाहणाऱ्याला काचेतून पटत असे. काचेचा उपयोग केवळ दाखवण्यापुरता नव्हता. दाराची काच आतल्या बाजूला फुगीर असल्यामुळे कपडे दाराच्या फटीत न अडकता पुन्हा ड्रममध्ये ढकलले जातात. तरीही वरून झाकण असलेली यंत्रे काचेवाचून अनेक दशके उत्तम चालली हे लक्षात घेता, काचेचे एक काम पाहणाऱ्याचे समाधान करणे हेही होते असे म्हणावे लागते. लंडनमधील क्वीन्सवे या रस्त्यावर १९४९ साली इंग्लंडमधले पहिले स्वयंसेवा धुणेघर उघडले, आणि पुढील वीस वर्षांत अशी दुकाने तिथल्या शहरी वस्त्यांचा नित्याचा भाग झाली.

अमेरिकेत १९६५ साली स्थलांतराचे कायदे बदलल्यानंतर तेथे गेलेल्या भारतीय डॉक्टर व अभियंत्यांत मराठी कुटुंबेही पुष्कळ होती, आणि बृहन्महाराष्ट्र मंडळासारख्या संस्था उभ्या राहण्याच्या आधीपासून ती भाड्याच्या सदनिकांत राहत होती. अशा इमारतींत धुण्याची यंत्रे बहुधा तळघरात सामाईक असत. सुटीच्या दिवशी कपड्यांची टोपली, साबणाचा डबा आणि पाव डॉलरची नाणी घेऊन आईवडिलांबरोबर तेथे जाणे हा त्या घरांतील मुलांच्या आठवड्याचा भाग होता. ज्या आईने स्वतः लहानपणी विहिरीवर धुणे पाहिले, तिचे मूल काचेतून धुणे पाहू लागले.

परीट, भट्टी आणि धोबीघाट

महाराष्ट्रात स्वयंसेवा धुणेघर रुजले नाही, याचे पहिले कारण असे, की धुणे दुसऱ्याकडे सोपवण्याची व्यवस्था येथे आधीपासूनच होती. परीट हा बारा बलुतेदारांपैकी एक. बलुते म्हणजे गावकीची कामे करणाऱ्या कारागिराला सुगीच्या वेळी प्रत्येक कुणब्याकडून मिळणारा धान्याचा वाटा. परिटाकडे रोजच्या कपड्यांपेक्षा सणासुदीचे, लग्नकार्याचे आणि सोयरसुतकाचे कपडे अधिक जात, आणि वधूवरांच्या वाटेवर पायघड्या घालण्याचा मानही त्याचा असे. रोज गावे झाडून स्वच्छतेचा धडा देणारे संत गाडगेबाबा याच समाजात, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मले.

परिटाचे तंत्र आजच्या यंत्राशी ताडून पाहण्याजोगे आहे. मळके कपडे साबण-सोड्याच्या पाण्यात भिजवून मोठ्या भांड्यावर रचले जात आणि खालून जाळ लावून त्यांतून वाफ खेळवली जाई, यालाच भट्टी लावणे म्हणतात. रात्रभर वाफेने मळ सुटला, की सकाळी पाणवठ्यावर कपडे दगडावर आपटून खळबळायचे, पांढऱ्या कपड्यांना नीळ द्यायची आणि उन्हात वाळवायचे, असा क्रम असे. अनेक घरांचे कपडे एकाच भट्टीत जात असल्याने त्यांवर खूण करावी लागे, आणि ती बिब्ब्याने केली जाई. बिब्ब्याच्या टरफलातला चिकट रस सुईने किंवा काडीने कापडाच्या कोपऱ्यावर टिपून त्यावर चुना लावला, की तो काळा होतो आणि पुढे कितीही भट्ट्या लागल्या तरी निघत नाही. हा रस अंगाला लागला तर फोड येत असल्याने या कामात मुलांना हात घालू देत नसत. परंतु अक्षर न वाचता केवळ टिंबे आणि रेघा पाहून शेकडो कपडे ज्याच्या त्याच्या घरी पोचवणारा परीट हा त्यांच्या कुतूहलाचा विषय असे.

मुंबईत हीच व्यवस्था महालक्ष्मीच्या धोबीघाटाच्या रूपाने मोठ्या प्रमाणावर उभी राहिली. १८९० च्या सुमाराचा हा घाट म्हणजे दगडी-सिमेंटी हौदांच्या रांगा. प्रत्येक हौदात आपटण्याचा एकेक दगड. रेल्वेस्थानकाजवळच्या पुलावरून हा घाट पूर्ण दिसतो आणि तेथे थांबून पाहणारे प्रवासी व मुले आजही असतात. अलीकडे तेथे मोठी धुलाईयंत्रे आणि पाणी काढण्याची यंत्रेही बसली आहेत. तामलवाडीहून तासाभराच्या आत गाठता येणाऱ्या सोलापुरात अशी यंत्रे आणखी जुनी ओळखीची आहेत, कारण तेथील टेरी टॉवेल व चादरींच्या धंद्यात रंगवलेले सूत आणि विणलेला माल धुऊन, पिळून, वाळवून घ्यावाच लागतो. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. भोके पाडलेले पिंप वेगाने फिरवून ओल्या मालातील पाणी काढणाऱ्या यंत्राला कामगार नुसते ‘हायड्रो’ म्हणतात. घरातल्या यंत्राचा पिळण्याचा भाग हे त्याचेच लहान रूप आहे.

घट बसण्यापूर्वीची सकाळ

तुळजाभवानीच्या परिसरात धुण्याचा सर्वांत मोठा दिवस पंचांगाला बांधलेला आहे. आश्विन शुद्ध प्रतिपदेला घटस्थापना होते, आणि त्याआधी घर सारवून-झाडून, घरातले प्रत्येक पांघरूण, अंथरूण, वाकळ व गोधडी धुऊन काढण्याची चाल मराठवाड्यात सर्वत्र आहे. जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे थर एकावर एक ठेवून हाताने टाके घालून शिवलेली वाकळ कोरडी असतानाच जड असते, भिजल्यावर तर ती एका माणसाला उचलत नाही. त्यामुळे हे धुणे घरात होत नाही. बैलगाडीत किंवा आता टेम्पोत गाठोडी घालून बाया ओढ्यावर, तलावावर नाहीतर शेतातल्या विहिरीवर जातात. विहिरीवर जायचे तर वीज कधी येते हे पाहावे लागते, कारण मोटार चालू झाल्यावर पाइपातून हौदात पडणाऱ्या धारेवरच सारे काम उरकायचे असते.

या कामाचा क्रम पाहणाऱ्या मुलाच्या सहज ध्यानात येतो. वाकळ आधी पाण्यात बुडवून पूर्ण भिजू दिली जाते, मग ती दगडावर पसरून साबण किंवा पावडर लावली जाते, त्यानंतर लाकडी दांडक्याने बडवून किंवा उभ्याने पायांनी तुडवून मळ सैल केला जातो. पाय मारताना वाकळीच्या टाक्यांमधून आधी काळपट, मग करडे आणि शेवटी जवळजवळ स्वच्छ पाणी निघते, आणि पाण्याचा रंग पाहूनच ती खळबळायला न्यायची की आणखी तुडवायची हे ठरते. खळबळल्यावर पिळण्याची पाळी येते. दोघीजणी वाकळीची दोन टोके धरून समोरासमोर उभ्या राहतात, एक उजवीकडे आणि दुसरी डावीकडे पीळ घालते, मध्ये वाकळीचा जाड दोर तयार होतो आणि त्यातून पाण्याच्या धारा सुटतात. पीळ पुरता बसला, की तो दोर आपोआप वेटोळे घेऊ लागतो. तेव्हा टोक हातातून सुटू न देणे यातच खरे कौशल्य आहे. धुतलेल्या वाकळी खडकावर, कुंपणावर, बांधावर पसरल्या जातात आणि दुपारपर्यंत माळ रंगीबेरंगी दिसू लागतो.

मुले तेथे पाहुणी नसतात. रुमाल, टापशी, लहान भावंडाची झबली असे हलके कपडे आधी त्यांच्या हाती दिले जातात, मग उशांच्या खोळी, आणि मनगटात बळ आले की वाकळीचे दुसरे टोक. पाहता पाहता काम हातात येण्याच्या या रीतीचा अभ्यास बार्बरा रोगॉफ या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने ग्वाटेमालातील माया समाजात विस्ताराने केला आहे. मुलांना बाजूला काढून शिकवण्याऐवजी मोठ्यांच्या खऱ्या कामात वावरू द्यावे, त्यांनी बघावे आणि जमेल तेवढे उचलून धरावे, असा तिने मांडलेल्या शिक्षणपद्धतीचा गाभा आहे. मात्र विहिरीवर ही पायरी मुलींना बंधनकारक असते, तर मुलगे थोडा वेळ पाहून विहिरीत उड्या मारायला मोकळे असतात, हा भेद पुढच्या विवेचनात महत्त्वाचा ठरणार आहे.

ड्रमच्या आत

विहिरीवर बडवणे, तुडवणे आणि पिळणे ही तीन कामे तीन वेगळ्या हालचालींनी होतात. समोरून कपडे घालण्याच्या यंत्रात ती तिन्ही एकाच हालचालीने, म्हणजे ड्रमच्या फिरण्याने होतात आणि केवळ वेग बदलून एका कामातून दुसऱ्यात जाता येते. हे कसे घडते ते थोड्या हिशेबाने समजते.

घरगुती ड्रमची त्रिज्या साधारण पाव मीटर धरता येईल. ड्रम फिरू लागला, की कपडे त्याच्या भिंतीबरोबर वर चढतात, आणि ड्रमच्या आतील तीन उंचवटे किंवा पाती त्यांना वर नेण्यास मदत करतात. वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूला सतत केंद्राकडे वळावे लागते. हे वळणे किती तीव्र आहे ते वेगाच्या वर्गाबरोबर वाढते. ड्रमच्या माथ्यावर पोचलेल्या कपड्याला वळण्यासाठी गुरुत्वाकर्षणाची ओढच पुरेशी असेल, तर तो भिंत सोडून खाली पडतो. त्याहून अधिक ओढ लागणार असेल, तर भिंत त्याला दाबून धरते आणि तो चिकटूनच फिरतो. पाव मीटर त्रिज्येसाठी ही सीमा मिनिटाला सुमारे ६० फेऱ्यांवर येते. म्हणून धुताना यंत्र याहून थोडे हळू, मिनिटाला सुमारे ५० फेऱ्या घेते. तेव्हा कपडे माथ्याजवळ जाऊन भिंत सोडतात आणि खालच्या साबणपाण्यात आपटतात. दगडावर आपटण्याचे काम येथे ड्रमच्या उंचीइतक्या पडण्याने, पण शेकडो वेळा होते. कपड्यांचा गुंता होऊ नये म्हणून काही फेऱ्यांनंतर ड्रम क्षणभर थांबून उलटा फिरतो, आणि काचेसमोरच्या मुलाचे लक्ष सर्वांत जास्त वेधणारा क्षण बहुधा हाच असतो.

पिळताना वेग एकदम वाढवता येत नाही. कपडे एका बाजूला गोळा झालेले असतील तर ड्रमचा तोल जातो, म्हणून यंत्र आधी सीमेच्या थोडे वर, मिनिटाला ८० ते १०० फेऱ्यांवर येऊन कपडे भिंतीवर सारखे पसरवते आणि मगच वेग घेते. मिनिटाला १००० फेऱ्यांना कपड्यांवरचा दाब त्यांच्या वजनाच्या सुमारे २८० पट आणि १२०० फेऱ्यांना सुमारे ४०० पट होतो. भिंत कपड्याला वळवू शकते, पण भोकांसमोरच्या पाण्याला वळवणारे तेथे काही नसते. ते सरळ रेषेत बाहेर निघून जाते. दोघींच्या हातांनी घातलेला पीळ आणि हा वेग, दोन्हींचा हेतू एकच असला तरी पीळ धाग्यांना ताणतो, वेग मात्र त्यांना न ताणता पाणी काढतो. एवढा वेग सहन करण्यासाठी ड्रम स्प्रिंगांवर टांगलेला असतो आणि त्याला काँक्रीटचा जड ठोकळा बांधलेला असतो. ही सोय नसलेले बेंडिक्सचे सुरुवातीचे यंत्र बोल्ट लावून जमिनीशी जखडावे लागत असे.

फेस आणि जड पाणी

धुण्याचे शास्त्र एका आकृतीत बसवण्याचे श्रेय हेंकेल या जर्मन कंपनीतील रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांना दिले जाते. १९५९ च्या सुमारास त्यांनी असे मांडले, की धुणे चार गोष्टींवर अवलंबून असते : रसायन, उष्णता, वेळ आणि हालचालीचा जोर. यांपैकी एक कमी केली तर उरलेल्यांपैकी एखादी वाढवावी लागते. परिटाची भट्टी उष्णता आणि वेळ यांवर भर देत असे, विहिरीवरचे धुणे थंड पाण्यात व थोडक्या वेळात होत असल्याने सारा भार जोरावर येतो, आणि यंत्र माफक जोर पुष्कळ वेळ लावून रसायनाला काम करू देते.

तामलवाडीच्या परिसरात यातल्या रसायनाचा प्रश्न बिकट आहे. येथील खडक काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट. त्याच्या भेगांतून साठलेल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. असे पाणी जड म्हटले जाते. तेलापासून केलेला साबण या क्षारांशी संयोग पावून न विरघळणारी साय तयार करतो. ती कपड्याला चिकटून पांढऱ्याचा करडा रंग करते आणि फेस येईपर्यंत साबण झिजत राहतो. भारतात १९५९ मध्ये आलेल्या सर्फसारख्या आणि १९६९ पासून अहमदाबादच्या करसनभाई पटेल यांनी स्वस्तात विकलेल्या निरमासारख्या संश्लेषित पावडरी जड पाण्यातही फेस देतात, कारण त्यांच्यातील मळ काढणाऱ्या घटकाचे कॅल्शियमबरोबरचे संयुग साबणाच्या सायीइतके सहज साकळत नाही, आणि जोडीला असलेला धुण्याचा सोडा क्षारांना आधीच बाजूला काढतो. दुष्काळी पट्ट्यातील खेड्यांत या पावडरींनी बस्तान बसवले त्यामागे किमतीइतकाच पाण्याचाही वाटा आहे.

फेस म्हणजे स्वच्छता, ही समजूत मात्र यंत्राने खोटी ठरवली. समोरून कपडे घालण्याच्या यंत्रात फेस जास्त झाला, तर पडणाऱ्या कपड्यांचा जोर फेसाच्या थरातच मोडतो आणि आपटण्याचा परिणाम कमी होतो. म्हणून या यंत्रांच्या पावडरीत फेस आवरणारे घटक मुद्दाम घालतात. काचेतून फेस पाहायला आतुर असलेल्या मुलाची यात थोडी निराशाच होते.

धुण्याच्या रसायनांशी तामलवाडीचा आणखी एक संबंध आहे. १९८८ साली स्थापन झालेल्या बालाजी अमाइन्स या कंपनीचा कारखाना याच गावच्या शिवारात आहे. अमोनियाच्या रेणूतील हायड्रोजनच्या जागी कार्बनयुक्त गट बसवला, की अमाइन तयार होते, आणि मिथाइल व इथाइल गटांची अशी अमाइने येथे बनतात. या कुळातील डायमिथाइल अमाइनला लांब कार्बनसाखळी जोडून तयार केलेली संयुगे जगभर भांडी घासण्याच्या द्रावांत व जंतुनाशकांत वापरली जातात. ज्या गावात जड पाण्यापुढे साबण हरतो, त्याच गावात आधुनिक धुलाईला लागणाऱ्या रसायनकुळाचे उत्पादन व्हावे, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे.

पाहणारा डोळा, लक्षात ठेवणारे मन

फिरत्या ड्रमकडे मूल इतका वेळ का पाहते, याचे एक उत्तर डोळ्याच्या हालचालीत आहे. सरकणाऱ्या वस्तूवर नजर ठेवताना डोळा तिच्यामागे संथपणे फिरतो आणि ती दिसेनाशी झाली की उडी मारून नव्या वस्तूवर येतो. ही संथ पाठलागाची क्षमता सेकंदाला सुमारे १०० अंशांपर्यंतच पोचते. मिनिटाला ५० फेऱ्या घेणाऱ्या यंत्राच्या काचेच्या कडेपाशी, म्हणजे मध्यापासून १५ सेंटिमीटरवर, कपड्याचा वेग सेकंदाला पाऊण मीटरहून थोडा अधिक असतो; एक मीटरवर बसलेल्या मुलाला तो सेकंदाला सुमारे ४५ अंशांचा वाटतो. म्हणजे एखादा लाल सदरा निवडून तो वर चढताना, सुटताना आणि पडताना पाहत राहणे डोळ्याच्या आवाक्यात आहे. पिळताना वेग वीसपट झाला, की कोणताही कपडा ओळखू येत नाही आणि केवळ रंगांची वलये उरतात. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली तर आणखी एक गंमत दिसू शकते. अशी नळी सेकंदाला १०० वेळा उजळते. ड्रम मिनिटाला बरोबर १००० फेऱ्या घेत असेल तर दोन उजेडांच्या मध्ये तो एक षष्ठांश फिरतो, त्यामुळे कपड्यांआडून डोकावणारी तीन पाती अंधुकशी सहा होऊन जागीच थांबल्यासारखी भासतात.

दुसरे उत्तर मुलाच्या विचारप्रक्रियेत आहे. जाँ पियाजे यांच्या मते मूल जगाची ओळख काही पुनःपुन्हा वापरलेल्या कृतिआराखड्यांतून करून घेते. त्यांचाच धागा पुढे नेत ख्रिस अथी या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ स्त्रीने १९७० च्या दशकात लहान मुलांच्या खेळांचे निरीक्षण केले आणि १९९० मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. गोल फिरणे हा तिला वारंवार आढळलेल्या आराखड्यांपैकी एक होता. काही मुले काही काळ चाके, भोवरे, नळाच्या तोट्या आणि फिरणारी यंत्रे यांचाच ध्यास घेतात. लाँड्रोमॅटमधले मूल आणि रहाटाकडे टक लावणारे मूल यांची ओढ याच प्रकारची आहे.

स्मरणाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. मोठ्या माणसांना आठवणाऱ्या पहिल्या घटना सरासरी तीन-साडेतीन वर्षांच्या वयातल्या असतात, परंतु नेहमी घडणाऱ्या गोष्टी एकेका दिवसाच्या आठवणी म्हणून साठत नाहीत. रॉजर शँक आणि रॉबर्ट एबलसन यांनी १९७७ मध्ये अशी कल्पना मांडली, की परिचित प्रसंगांसाठी मनात एक संहिता तयार होते, म्हणजे कशानंतर काय घडते याचा ठरलेला क्रम. कॅथरिन नेल्सन यांच्या संशोधनातून पुढे दिसले, की तीन वर्षांची मुलेसुद्धा नेहमीच्या प्रसंगांचे वर्णन असेच क्रमवार आणि सामान्य स्वरूपात करतात. धुण्याची आठवण ही अशा संहितेची आठवण आहे. तीत तारीख नसते, पण भिजवणे, घुसळणे, खळबळणे, पिळणे हा क्रम चुकत नाही. एखादा वेगळा दिवस तेव्हाच सुटा होऊन उरतो, जेव्हा क्रम मोडतो : नाणे अडकते, मोटार चालू असतानाच वीज जाते किंवा वाकळ ओढ्याच्या धारेला लागते.

पाहण्याची सवड कोणाची?

महाराष्ट्रात यंत्र घरात आले ते प्रामुख्याने दोन पिंपांच्या अर्धस्वयंचलित रूपात. १९९० च्या दशकात मराठवाड्यातच मूळ असलेल्या व्हिडिओकॉनचे नाव या यंत्रांच्या बाजारात आघाडीवर होते, तर काचेच्या दाराची यंत्रे आयएफबी कंपनी गोव्यातील वेर्णे येथे बॉशच्या सहकार्याने तयार करू लागली होती. खेड्यात दोन पिंपांचे यंत्र टिकले याला सबळ कारण आहे. त्याला नळाच्या अखंड दाबाची गरज नसते, बादलीने पाणी ओतले तरी चालते, एका घाण्याचे साबणपाणी पुढच्या मळक्या कपड्यांना वापरता येते आणि मध्येच वीज गेली तर कपडे बाहेर काढता येतात. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या गावात पाण्यावर असा ताबा असणे फार मोलाचे आहे. या यंत्राचे झाकण उघडून तळाची चकती आलटून पालटून दोन्ही दिशांना फिरताना मूल पाहू शकते, परंतु कपडे एका पिंपातून दुसऱ्यात हलवण्यासाठी कोणाला तरी जवळच थांबावे लागते.

येथे विहिरीवरचा तो भेद पुन्हा विचारात घ्यावा लागतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे घालवत होते. अमेरिकी इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले, की घरगुती यंत्रांमुळे अंगमेहनत घटली तरी स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्या आणि स्त्रीचा कामाचा वेळ त्या मानाने कमी झाला नाही. धुण्याकडे पाहण्याचा आनंद हा काम अंगावर नसलेल्याचा आनंद आहे. विहिरीवर तो मुलग्यांना आणि अगदी लहान मुलींना मिळत असे; दहा-बारा वर्षांच्या मुलीला वाकळीचे टोक मिळत असे, आणि म्हणून तिची आठवण डोळ्यांपेक्षा हातांत अधिक असते : थंड पाण्याने पांढरी पडलेली बोटे, मनगटाला लागलेला पीळ, साबणाने चुरचुरणारे ओरखडे. काचेचे यंत्र मुलगा आणि मुलगी या दोघांनाही सारखेच प्रेक्षक करते, आणि कपडे आत घातल्यावर तासाभरासाठी आईलाही. त्या बदल्यात हाताने शिकण्याची पायरी जाते.

यावरून बालपणीच्या अशा आठवणी गोळा करणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना निघते. सांगणाऱ्याला यंत्र, काच, फेस किंवा विहीर कशी होती एवढे विचारून थांबू नये. धुणे कोण करत होते आणि त्या वेळी सांगणाऱ्याच्या हातात काय दिले होते, हेही विचारावे. तामलवाडीतल्या एकाच घरातील भाऊ आणि बहीण घट बसण्यापूर्वीच्या त्याच सकाळीविषयी वेगवेगळे सांगतील, आणि त्या दोन्ही वर्णनांना शेजारी ठेवल्यावरच धुण्याचा सामाजिक इतिहास पुरा होईल.